आंबलेला रस

आमच्या चर्चच्या मंडळीत प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकरीबरोबर घोटभर घ्यायचा, द्राक्षारस विकत आणत नाहीत. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांपैकी एकाच्या घरी तो करतात. आमच्या घरी तो आई करायची. ती गेल्यावर पंच म्हणून ते काम मी घेतलं आणि मग बरीच वर्षं कुणाला दिलं नाही. काळ्या मनुका धुऊन भिजत घालायच्या, हातानं कुस्करायच्या, जुन्या धोतराच्या स्वच्छ फडक्यातून गाळायच्या, थोडी साखर घालायची. आई शेवटी त्याला एक उकळी द्यायची. मी देत नसे. उकळला की चव जड होते असं माझं मत होतं, आणि माझ्याकडं फ्रीज होता. बायका म्हणायच्या, दादांच्या हातच्या रसाची गोष्टच वेगळी. चर्चमध्ये सगळे मला दादाच म्हणत. ते ऐकत मी रिकामे पेले ट्रेमध्ये गोळा करायचो, आणि चेहरा असा ठेवायचो की जणू ऐकलंच नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. छावणीत आमचं घर आहे, वडिलांनी बांधलेलं, दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. मी कमी बोलतो, लोक त्याला स्वभाव समजतात. खरं म्हणजे कमी बोललं की माणूस चांगला वाटतो, हे मला लहानपणीच समजलं होतं.

माझा धाकटा भाऊ प्यायचा. उस्मानपुऱ्यात बॅटऱ्यांच्या दुकानात कामाला होता, हाताला ॲसिडचे डाग, अंगाला दारूचा वास. मी कधी प्यालो नाही. कॉलेजात असताना एकदा घोटभर घेतली होती, ती चूळ भरल्यासारखी थुंकून टाकली. मला ती आवडलीच नाही. एवढंच. पुढं याच गोष्टीचा माझा सद्गुण झाला, आणि मी तो होऊ दिला.

दर गुरुवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असायची. चर्चचे पाळकसाहेब सुरुवातीला विचारायचे, "प्रार्थनेचे विषय?" कुणी दुखणं सांगे, कुणी पोराची परीक्षा. मग सगळे माझ्याकडं बघायचे. मी थोडा थांबायचो आणि म्हणायचो, "माझा भाऊ." पुढं डोळे मिटून मी त्याचं एकेक पाप देवाला तपशिलात सांगायचो. कुठल्या गटारीजवळ पडला होता, बायकोच्या मंगळसूत्राचं काय केलं, पोरीच्या देखत काय बोलला. देवाला हे सगळं ठाऊकच होतं. ठाऊक नव्हतं ते समोर सतरंजीवर बसलेल्यांना. बायका सुस्कारे टाकायच्या. सभा संपल्यावर माझ्या चहात साखर जास्त पडायची.

भावानं एकदा मला सांगितलं होतं, "दादा, घरी शिव्या दे, मार. पण तिथं माझं नाव घेत जाऊ नको. मला रस्त्यानं चालता येईना." मी म्हणालो, "मी तुझ्या भल्यासाठीच मागतो." पुढच्या गुरुवारी मी हेही प्रार्थनेत सांगितलं, की त्याला आता लाज वाटू लागली आहे, स्तुती असो.

त्याची बायको शेवटी मुलीला घेऊन मुकुंदवाडीला आईकडं निघून गेली.

आणि मग त्याची दारू बंद झाली. कुठली गोळी नाही, कुठलं केंद्र नाही. मी विचारलं, "कशी सोडलीस?" तो बॅटरीचं झाकण पुसत होता. म्हणाला, "सोडली नाय रे. सुटली. मी काय केलं नाय त्यात. हातात बाटली व्हती, रडायला आलं, देवाला म्हटलं माझ्यानं व्हत नाय, तूच बघ. मग उघडलीच नाय. रोज सकाळी तेच म्हणतो. आजच्यापुरती नको, बास." त्याच्या दुकानाचा मालक बौद्ध होता, घरात बाबासाहेबांची तसबीर. तो रोज संध्याकाळी याला दुकानातच बसवून ठेवायचा, चहा पाजायचा, गुत्त्याची वेळ टळली की घरी सोडायचा. याचंही श्रेय भाऊ देवालाच द्यायचा. मालक हसून म्हणायचा, "काम मी करायचं आन नाव त्याचं."

मला ते "मी काय केलं नाय" फार लागलं. मी आयुष्यभर केलं होतं. आईवडिलांचं दुखणं मी काढलं, चर्चच्या खुर्च्या मी उचलल्या, आणि याला काही न करता मिळालं.

एका रविवारी त्यानं मंडळीसमोर साक्ष दिली, देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगितलं. चार वाक्यं बोलला असेल. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या रडल्या, एकीनं त्याचा डागाळलेला हात हातात घेऊन डोळ्यांना लावला. मी दानाची थैली धरून बाजूला उभा होतो. माझ्यासाठी आजवर कुणी रडलं नव्हतं. हे इतक्या सरळ शब्दांत मी तेव्हा मान्य केलं नसतं. तेव्हा मला वाटलं की माझं डोकं दुखतंय.

त्या गुरुवारी पाळकसाहेबांनी विषय विचारले आणि सवयीनं माझ्याकडं बघितलं. माझ्याकडं काही नव्हतं. कुणीतरी म्हणालं, "दादांचा विषय प्रभूनं संपवला की." सगळे आनंदानं हसले. मीही हसलो.

राहिली होती त्याची बायको. तिच्याशी बोलणी आमच्याच घरी झाली, पाळकसाहेब आणि मी बसलो होतो. ती खुर्चीच्या काठावर बसून बोलली. "ते सुटली म्हणतात. मी त्यांच्या शब्दावर आता काही करणार नाही. पण एक आहे. पिऊन ते माझ्याशी खोटं बोलले, तुमच्याशी बोलले, पण पीत होते तोवर प्रभुभोजनाला कधी गेले नाहीत. तेवढी एक भीती त्यांनी पाळली. ईस्टरला मंडळीनं त्यांना बोलावलं आणि त्यांनी पेला घेतला, तर मी चर्चमधूनच त्यांच्या खोलीवर जाईन. नाही घेतला, तर मला पुन्हा बोलवायला येऊ नका."

आमच्यात हे सगळ्यांना माहीत असतं. मनात कबूल न केलेलं पाप असेल तर माणूस देवाच्या टेबलासमोरच्या कठड्याशी गुडघे टेकतो आणि पेला तसाच पुढं जाऊ देतो. कुणी विचारत नाही, कारण विचारायची गरजच उरत नाही.

मी मनुका गुरुवारीच भिजवल्या होत्या. शुक्रवारी उत्तम शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची लांबलचक उपासना, म्हणून रस आधीच गाळून काचेच्या बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवला. शुक्रवारी दुपारी गल्लीतली डीपी जळाली. एप्रिलचं ऊन, घरात हात लावावी ती वस्तू गरम. लाइट शनिवारी दुपारी आली. बायको फुलं लावायला चर्चमध्ये गेली होती. मी फ्रीज उघडला, बरणी बाहेर काढली. कडेनं बारीक फेस होता. झाकण फिरवल्यावर ते फुस्स झालं, आणि तो वास आला.

आठवीच्या वर्गाला मी किण्वन शिकवतो. साखरेचं पाणी, यीस्ट, बाटलीच्या तोंडाला फुगा, फुगा फुगला की पोरं टाळ्या वाजवतात. मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी बरणी घेऊन मोरीकडं निघालो. ओतायलाच निघालो होतो, हे खरं आहे. डब्यात मनुका होत्या. गरम पाण्यात भिजवल्या असत्या तर संध्याकाळपर्यंत ताजा रस झाला असता.

तेवढ्यात पडवीतून हाक आली. भाऊ होता. दोन हँगर हातात धरून उभा, एकाला पांढरा शर्ट, एकाला निळा.

"दादा, उद्या कोणता घालू? मालक म्हणतो पांढरा घाल, लग्नाला चालला तू."

"कोणताही घाल."

"तिला निळा आवडायचा." तो स्वतःशीच म्हणाला, आणि निळा वर केला. "खोली सारवल्यासारखी केली बघ आज. पोरीसाठी खाट आणली. मालकानं पंखा दिला." मग माझ्याकडं बघून हसला. "कामून तोंड पाडून बसला? विषय गेला व्हय तुझा? आता गुरुवारी काय मागशील तू? गुडघे मागून घे. दुखतेत म्हणतो ना."

त्यात खोच नव्हती. लहानपणी आम्ही असेच एकमेकांना चिडवायचो. तो शर्ट खांद्यावर टाकून शीळ घालत गेला. मी आत आलो, मोरीजवळची बरणी उचलली, झाकण लावलं आणि फ्रीजमध्ये ठेवली.

मी स्वतःला सांगितलं की पारख होऊन जाऊ दे. खरंच सुटली असेल तर एका घोटानं काय होतं. देव माणसाला पारखतोच. त्या दुपारी मी देवाचं नाव ज्या कामासाठी वापरलं, ते काम मला स्वतःच्या नावावर करायचं नव्हतं, एवढंच.

ईस्टरला चर्च भरलं होतं. भावजय बायकांच्या बाजूला मागच्या बाकावर बसली होती, मुलगी मांडीवर, आणि पायाशी कपड्यांची मोठी निळी बॅग. ती बॅग मी आत शिरतानाच बघितली. भाऊ निळ्या शर्टात पुढं, केस ओले करून बसवलेले.

पाळकसाहेबांनी त्याचं नाव घेऊन बोलावलं. तो कठड्याशी टेकला. पाळकसाहेब भाकर देत पुढं गेले, त्यानं ती खाल्ली. मागं मी ट्रे घेऊन. सकाळी पेल्यांत रस ओतताना मी दारं-खिडक्या उघडी ठेवली होती, तरी ट्रेमधून वास येत होता. पाळकसाहेबांनी स्वतःचा पेला घेताना किंचित तोंड आंबट केलं होतं आणि गिळलं होतं. बाकीचेही घेत होते. घोटभर तर असतो.

भावानं पेला उचलला. ओठांपर्यंत नेला आणि थांबला. त्याची नाकपुडी हलली. मग त्यानं वर बघितलं. पाळकसाहेबांकडं नाही, देवाच्या टेबलाकडं नाही. माझ्याकडं. मी चेहरा पंचाचा ठेवला. त्यानं पेला भरलेला तसाच ट्रेमध्ये परत ठेवला, अगदी हळू, थेंब सांडू न देता. उठला आणि बाजूच्या दारानं बाहेर गेला.

मी ट्रे पुढच्या माणसासमोर धरला.

उपासना संपल्यावर दारात एक म्हातारे पंच माझा हात दाबून म्हणाले, "आज रसाला जोर व्हता, दादा. अजून एक पेला चालला असता." ते हसले. त्यांनी त्याचा कशाशी संबंध जोडला नाही. भावाबद्दल सगळ्यांना आधीच सगळं माहीत होतं.

भावजय बॅग घेऊन फाटकाशी उभी होती, बॅग जड होती. मी पुढं होऊन ती उचलली आणि रिक्षापर्यंत नेली. तिनं विचारलं, "दादा, खरं सांगा. परत सुरू केली का त्यांनी?"

मी बॅग रिक्षात ठेवली. मुलीच्या डोक्यावर हात फिरवला. म्हणालो, "आपण प्रार्थना करू."

आयुष्यात मी तोंडातून काढलेलं याहून क्रूर वाक्य मला आठवत नाही. रिक्षा मुकुंदवाडीकडं गेली.

भाऊ दुपारी घरी आला. आत आला नाही, पडवीतच उभा राहिला. "दादा, रस आंबला व्हता."

"मला तर काही वास आला नाही."

"आला नाय?"

"नाही."

त्यानं मान हलवली आणि गेला.

त्याच आठवड्यात पंचांची बैठक झाली, पाळकसाहेबांच्या घरी. भावाला बोलावलं होतं. तो म्हणाला, "मी प्यालो नाय. रस आंबला व्हता, म्हणून ठेवला. ते तोंडात गेलं असतं तर मी थांबलो नसतो, एवढं मला माझं कळतं." एक पंच म्हणाले, "आम्ही सगळे प्यालो बाबा, आम्हाला नाही कळलं. तुझ्या नाकाला आता पाण्यातही तोच वास येणार." दोघेतिघे हसले. पाळकसाहेबांनी मला विचारलं. मी म्हणालो, "मी स्वतः केला होता. ताजा होता." ते म्हातारे पंच समोरच बसले होते. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि मग बशीतल्या बिस्किटाकडं. पंचाला पंचानं खोटं पाडणं आमच्यात बसत नाही.

भावाला सांगण्यात आलं की पश्चात्ताप करून ये, मंडळीचं दार उघडं आहे. तो पुन्हा त्या दारातून आला नाही.

यानंतरचं सांगायला मला जास्त अवघड जातं. मी वाट बघू लागलो, तो पिण्याची. तो एकदा प्याला असता तर सगळं मागून सरळ झालं असतं. रस, बॅग, बैठक, सगळं. मी काही ना काही निमित्तानं त्याच्या दुकानावर जायचो, खांद्यावर हात टाकायचो आणि श्वास आत ओढायचो. ॲसिड, ग्रीस, घाम. मी भावाचा वास घ्यायला जायचो. घरी येऊन गुडघे टेकायचो आणि देवाकडं त्याचं पिणं मागायचो. शब्द वेगळे असायचे, "प्रभू, त्याच्या मनातलं उघडकीस आण," असे. पण मागणं तेच होतं. इतक्या कळकळीनं मी दुसरं काही मागितल्याचं आठवत नाही.

तो प्याला नाही. बायको नाही, पोर नाही, मंडळी नाही, खोलीत रिकामी खाट, तरी नाही. दुकानाचा मालक एकदा मला ऐकवून म्हणाला, "तुमच्या देवानं याला उचललं, अन् तुमच्या माणसांनी खाली टाकलं. लई भारी जोडी आहे तुमची." भाऊ म्हणाला, "गप ना सेठ, चाय पी."

महिन्याच्या पहिल्या रविवारी, म्हणजे प्रभुभोजनाच्या दिवशी, तो चर्चसमोरच्या रस्त्यापलीकडं चहाच्या टपरीवर येऊन बसायचा. आमची गाणी ऐकू यायची तिथं. शेवटचं गाणं संपलं की उठून जायचा. मी ट्रे घेऊन कठड्यापाशी फिरताना खिडकीतून त्याचे गुडघे आणि चहाचा ग्लास दिसायचा. मी रस आता उकळून करत होतो.

पापाचा मोह टाळणं म्हणजे काय, हे मी तरुणांच्या वर्गात शिकवलं आहे. शहाणपणानं जगावं, वेळेवर घरी यावं, संगत बघावी. सगळं बरोबर होतं. पण मला कधी मोह टाळावा लागलाच नव्हता. जे मला आवडत नव्हतं ते मी केलं नाही, आणि जे आवडत होतं, लोकांच्या नजरेतला मोठेपणा, ते मी रोज पोटभर प्यालो. भावाला आपल्यात जोर नाही हे ठाऊक होतं, म्हणून तो रोज मागायचा. मी कधी मागितलंच नाही. लागतं असंच वाटलं नव्हतं.

भावाची मुलगी मोठी झाली. गेल्या वर्षी तिचं दृढीकरण ठरलं, म्हणजे मंडळीसमोर स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करायचा विधी, आणि त्यानंतर पहिल्यांदा प्रभुभोजन. तोवर पाळकसाहेब बदलले होते. नव्या पाळकसाहेबांनी तिला विचारलं, वडिलांना बोलवायचं का? ती म्हणाली, "पप्पांनी माझ्यासमोर पेला परत ठेवला होता. मला तेवढंच आठवतं त्यांचं." पाळकसाहेबांनी हे मला सहज सांगितलं, आणि पुढं म्हणाले, "रस जरा जास्त करा दादा, या वेळी मुलं पुष्कळ आहेत."

मी मनुका भिजत घातल्या. सकाळी कुस्करायला बसलो आणि हात पातेल्यात तसेच राहिले. बायकोनं विचारलं, "काय झालं?" मी तिला सांगितलं. ती ओट्याकडं तोंड करून भांडी लावू लागली. मग म्हणाली, "मला का सांगताय? माझ्या हातात काय आहे?"

मी उस्मानपुऱ्याला गेलो. भाऊ दुकानात एकटा होता. मी सांगून टाकलं, उभ्याउभ्या. त्यानं पाना खाली ठेवला नाही.

"मला ठाऊक व्हतं," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"तवाच. मी पेला नाकाशी नेला तवा कठड्याशी समदे डोळे मिटून व्हते. तू तेवढा माझ्याकडं बघत व्हता."

"मग बोलला का नाहीस?"

"कुणाला बोलू? तुझ्या रसाबद्दल, तुझ्या मंडळीला, माझ्या तोंडानं?" मी आल्यापासून तो पहिल्यांदाच हसला. "अन् दादा, तू जे मागत व्हता ना माझ्यासाठी, खांद्यावर हात टाकून, ते पण ठाऊक व्हतं. कुत्र्यागत हुंगायचा तू."

मी खाली बघत होतो. म्हणालो, "मला माफ कर."

"ते मी कवाच केलं. नसतं केलं तर प्यालो असतो. माझ्या फायद्याचं व्हतं ते, तुझ्यासाठी नाय केलं." त्यानं बॅटरीचा नट आवळला. "पण मला सांगून काय उपयोग? मी तिथंच व्हतो. तिला सांग."

मुकुंदवाडीत दार मुलीनं उघडलं. तिनं मला ओळखलं नाही असं नव्हे, पण बसा म्हणाली नाही. भावजय आतून आली. मी तेच परत सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना वाक्यं नीट लागायला लागली होती, आणि माझं मलाच ते किळसवाणं वाटलं.

ती म्हणाली, "माझी बॅग तुम्ही उचलली होती."

"हो."

"तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

तिनं मुलीला आत जायला सांगितलं. मुलगी गेली नाही. मग तिनं विचारलं, "ते अजून पीत नाहीत?"

"नाही. त्या दिवसापासून नाही. त्याच्या आधीपासून."

"मग इतकी वर्षं कुणासाठी नाही प्याले? मी नव्हते, ही नव्हती. चर्च नव्हतं."

तिनं दाराची कडी हातात धरली. ती म्हणाली, "तुम्ही हे मला सांगून हलकं व्हायला आलात. ज्यांच्यासमोर झालं त्यांना सांगा. मला पुन्हा दिसू नका."

आणि इथं मी माझी शेवटची चूक केली. मी दृढीकरणाचा रविवार निवडला. चर्च त्या दिवशी भरलेलं असतं, जुने लोक येतात, ज्यांनी बघितलं ते बहुतेक असतील, असा माझा हिशोब होता. प्रभुभोजनाआधी मी परवानगी मागून उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. बरणीपासून बैठकीपर्यंत. आवाज कापला, मी तो मुद्दाम कापवला नाही, पण थांबवलाही नाही.

मग पुढच्या रांगेतून हुंदका आला. दुसरा. पाळकसाहेब पुढं येऊन माझ्या खांद्याला धरून म्हणाले की आज प्रभूनं आपल्याला नम्रतेचं उदाहरण दाखवलं. म्हाताऱ्या रडत होत्या. माझ्यासाठी. भाऊ टपरीवर बसला होता, आणि आत त्याच्याबद्दल एक शब्दही कुणी बोललं नाही.

मी कठड्याशी टेकलो. पेला समोर आला. रस या वेळी मी केला नव्हता, दुसऱ्याच्या घरचा होता, ताजा. मी तो उचलला आणि परत ठेवला. कुणाला काही वाईट वाटलं नाही. मागं कुणीतरी कुजबुजलं, "केवढं मन लागतं याला."

भाचीला पांढऱ्या कपड्यांत पेला घेताना मी बघितलं. तिचे डोळे कोरडे होते.

बाहेर लोक माझ्याशी हात मिळवायला थांबले होते. त्यांच्यातून मी रस्ता ओलांडला. टपरीच्या बाकड्यावर भाऊ होता, त्याच्या एका बाजूला भावजय, दुसऱ्या बाजूला मुलगी. तिघांच्या हातांत ग्लास. ते बोलत नव्हते, पण बसले होते, एकाच बाकड्यावर. मी जवळ गेल्यावर भावजयीनं ग्लास खाली ठेवला.

"दुसरा रविवार नव्हता का?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "माझ्या पोरीचा दिवस होता हा. त्यातही तुम्हीच उभे राहिलात."

ती उठली, मुलगी उठली. जाताना भावजय भावाला म्हणाली, "मी पुढच्या रविवारी येईन. आत बसू. तुमचे दादा नसतील तर."

त्या दोघी शेअर रिक्षाच्या दिशेनं गेल्या. भाऊ त्यांच्याकडं बघत राहिला, रिक्षा दिसेनाशी होईपर्यंत. मग बाकड्यावर हात आपटून टपरीवाल्याला म्हणाला, "एक चहा दे, आमच्या मोठ्या भावाला." आणि मला म्हणाला, "बस. आता जागा झाली."

मी बसलो. चहा गोड होता.

त्या दिवसापासून रविवारी मी घरीच असतो. पाळकसाहेब दोनदा येऊन गेले. मंडळीला तुमची उणीव भासते म्हणाले. मी गुडघ्यांचं कारण सांगितलं. बायको एकटी जाते. ती येऊन जेवणाचं बघते आणि मी विचारत नाही. मागच्या बाकावर कोण बसलं होतं, कुणाशेजारी बसलं होतं, निळ्या शर्टात होतं का, काहीच विचारत नाही. एकदा ती आपण होऊन सांगायला लागली होती. मी उठून पडवीत गेलो. ऐकायचा मोह फार मोठा होता. त्या दिवशी मी पहिल्यांदा देवाला म्हणालो, माझ्यानं होत नाही, तूच बघ.

मनुकांचा डबा बायकोनं शेजारी देऊन टाकला. रस आता कोण करतं, मला ठाऊक नाही.